चाकांवरच्या घराचा विजेचा ताळेबंद

मोठी व्हॅन घ्यावी, मागची आसने काढून तेथे पलंग, छोटा ओटा आणि कपाटे बसवावीत आणि सुटीत कुटुंबासह हवे तिकडे निघावे, ही कल्पना आता महाराष्ट्रातील शहरी कुटुंबांनाही अनोळखी राहिलेली नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केल्यानंतर या हौसेला काहीसे बळही मिळाले. अशा गाडीची आखणी करताना बहुतेकांचे लक्ष लाकूडकामाकडे, गादीच्या जाडीकडे आणि खिडक्यांच्या पडद्यांकडे असते. विजेचे काम मात्र 'एक बॅटरी, एक इन्व्हर्टर आणि छतावर सोलर पॅनेल' एवढ्या एका ओळीत उरकले जाते. प्रत्यक्षात गाडीतील रात्र सुखाची जाणार की नाही आणि सुरक्षित जाणार की नाही, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे पत्र्याच्या आणि प्लायवूडच्या मध्ये दडलेल्या वायरींवर अवलंबून असतात. या कामात खरेदी शेवटी आणि हिशेब आधी, हा क्रम चुकला की पैसे वाया जातात. कधी कधी त्याहून मोठी किंमतही मोजावी लागते.

घरची वीज आणि गाडीतील वीज

घरात वीज २३० व्होल्ट दाबाने येते आणि व्यवहारापुरती ती अमर्याद असते. गाडीत ती १२ व्होल्टच्या बॅटरीत साठवलेली असते आणि मोजकी असते. हा फरक केवळ आकड्यांचा नाही. ६० वॅटचे उपकरण घरी चालवले तर वायरीतून जेमतेम पाव अ‍ॅम्पिअर प्रवाह वाहतो. तेच उपकरण १२ व्होल्टवर चालवायचे तर पाच अ‍ॅम्पिअर लागतात, म्हणजे जवळपास वीसपट. वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. त्यामुळे घरात वर्षानुवर्षे निर्धोक चाललेली वायर गाडीत त्याच वॅटच्या उपकरणाला अपुरी पडते. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून ती वीज निरुपद्रवी, असा समज सर्वत्र आढळतो. झटका बसत नाही हे खरे, पण आग लावण्यासाठी १२ व्होल्ट पुरेसे असतात.

पहिले काम कागदावर

आखणीची सुरुवात उपकरणांच्या यादीने करावी. प्रत्येक उपकरणाचे वॅट आणि ते दिवसातून किती तास चालेल हे लिहून दोन्हींचा गुणाकार केला की वॅट-तास मिळतात. महावितरणच्या बिलावर दिसणारे एक युनिट म्हणजे असे एक हजार वॅट-तास. दोन प्रौढांसाठी, उन्हाळी हवामान गृहीत धरून केलेला एका दिवसाचा नमुना हिशेब असा मांडता येतो:

कॉम्प्रेसरचा १२ व्होल्टचा छोटा फ्रिज (४५ वॅट, निम्म्याहून थोडा कमी वेळ चालू) : सुमारे ४९० वॅट-तास
छताचा पंखा (२५ वॅट, ८ तास) : २००
लॅपटॉप (६० वॅट, ३ तास) : १८०
चार एलईडी दिवे (प्रत्येकी ५ वॅट, ५ तास) : १००
दोन मोबाइल : ४०
पाण्याचा पंप : १५

ही बेरीज १०२५ वॅट-तास होते. वायरींतील आणि उपकरणांतील गळती धरून ती ११५० मानावी. म्हणजे काटकसरीने चालणाऱ्या या घराला दिवसाला सव्वा युनिटही लागत नाही. यादीत निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या फ्रिजचा आहे, ही गोष्टही नजरेत भरते. फ्रिज सावलीत बसवणे आणि त्यामागे हवा खेळती ठेवणे याने जी बचत होते, ती दिवे लवकर मालवून होत नाही.

याच यादीत वातानुकूलन यंत्र घातले की सारे चित्र पालटते. एक टनाचे यंत्र चालू असताना हजार वॅटच्या पुढे वीज घेते. मध्ये मध्ये बंद होत चालले, तरी आठ तासांच्या रात्रीत ते पाच युनिटांच्या आसपास वीज खाते. ही वर सांगितलेल्या घराची चार दिवसांची शिदोरी झाली. बॅटरीवर रात्रभर एसी चालवण्याचे आश्वासन देणाऱ्या कारागिराला म्हणूनच हा गुणाकार कागदावर करून दाखवण्यास सांगावे. एसीसाठी उभ्या गाडीचे इंजिन रात्रभर चालू ठेवणे हा तर जिवाशी खेळ आहे. एक्झॉस्टमधील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही आणि तो झोपलेल्या माणसाला जागे होण्याची संधी देत नाही. एसी हवाच असेल, तर मुक्कामाच्या ठिकाणी बाहेरची वीज मिळेल अशीच जागा निवडणे श्रेयस्कर.

बॅटरी किती आणि कोणती

गाडी सुरू करणारी बॅटरी आणि घराची बॅटरी स्वतंत्र असायला हवी, हा या विषयातील पहिला नियम. इंजिनाची बॅटरी काही सेकंद मोठा प्रवाह देण्यासाठी घडवलेली असते. तिच्यावर रात्रभर पंखा चालवला, तर ती लवकर निकामी होते आणि सकाळी गाडीही सुरू होत नाही.

घराच्या बॅटरीसाठी प्रामुख्याने दोन पर्याय आहेत. शिसे-आम्ल बॅटरी फ्रान्समधील गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये शोधली. ती स्वस्त आहे, पण टिकवायची तर साठ्यापैकी निम्माच वापरावा लागतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा शोध अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या चमूने १९९०च्या दशकात लावला. गुडइनफ यांना लिथियम-आयन बॅटरीच्या विकासातील वाट्याबद्दल २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक इतर दोघांबरोबर विभागून मिळाले. या बॅटरीतील ८० टक्के साठा निर्धास्तपणे वापरता येतो. लिथियमच्या इतर प्रकारांच्या तुलनेत ती उष्णतेत अधिक स्थिर असल्याने झोपण्याच्या जागेजवळ तिलाच प्राधान्य दिले जाते.

नमुना हिशेबातील घर ढगाळ हवेतही दोन दिवस चालावे, असे ठरवले तर २३०० वॅट-तास हाताशी हवेत. लिथियममध्ये त्यासाठी १२.८ व्होल्टची सुमारे २२५ अ‍ॅम्पिअर-तासांची बॅटरी लागते. तिचे वजन साधारण पंचवीस ते तीस किलो भरते. शिसे-आम्ल प्रकारात हीच गरज सुमारे ३८५ अ‍ॅम्पिअर-तासांवर जाते. १५० अ‍ॅम्पिअर-तासांच्या तीन बॅटऱ्या घेतल्या की वजन दीडशे किलोच्या पुढे जाते. म्हणजे दोन-तीन माणसे कायम गाडीत बसवल्यासारखे झाले. शिवाय घरच्या इन्व्हर्टरसोबत येणाऱ्या ट्यूब्युलर बॅटरीत द्रव आम्ल असते आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत चार टक्के हायड्रोजन मिसळला की ते मिश्रण पेट घेऊ शकते. बंद गाडीत पलंगाखाली अशी बॅटरी ठेवणे टाळावे.

तापमानाचाही विचार हवा. विदर्भातील मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत पारा साठ अंशांपर्यंत चढू शकतो. बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्यांची चार्जिंगची मर्यादा ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान असते. दुसऱ्या टोकाला, लडाख किंवा स्पितीच्या रात्री पारा शून्याखाली असताना ती चार्ज केल्यास आतील रचनेला कायमची इजा होते. दोन्ही टोकांना चार्जिंग आपोआप थांबवणारी नियंत्रण यंत्रणा बॅटरीत आहे ना, याची खातरजमा करूनच खरेदी करावी.

साठा भरायचा कसा

खर्चाइतकीच वीज रोज परत भरता आली तरच हिशेब जुळतो. त्यासाठी तीन वाटा आहेत: सूर्य, गाडीचे इंजिन आणि बाहेरची वीज.

महाराष्ट्रात वर्षाच्या सरासरीने रोज पाच तासांच्या पूर्ण उन्हाएवढी सौरऊर्जा मिळते. छतावर आडवे बसवलेले पॅनेल तापते. पॅनेलचे तापमान २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाने वाढताना त्याची शक्ती साधारण ०.४ टक्क्याने घटते. त्यामुळे उन्हाळी दुपारी, ऊन सर्वांत कडक असताना, पॅनेल आपल्या छापील क्षमतेपेक्षा पंधरा टक्के तरी कमीच देते. धूळ आणि इतर गळती धरून ३०० वॅटच्या पॅनेलांकडून दिवसाला ११०० वॅट-तासांच्या आसपास वीज अपेक्षावी. त्यासाठी छतावर दीड ते पावणेदोन चौरस मीटर जागा लागते. झाडाच्या सावलीत गाडी उभी केली, तर गाडी थंड राहते आणि पॅनेल उपाशी राहते. पॅनेलच्या छोट्याशा भागावर पडलेली सावलीही उत्पादन मोठ्या प्रमाणात खाली आणते. आषाढातल्या कोकणात, आकाश पूर्ण झाकोळलेले असताना, तीच पॅनेल पाव हिस्सा वीजही देतीलच असे नाही. पावसाळी प्रवासाची आखणी केवळ सूर्यावर विसंबून करता येत नाही, ती यामुळेच.

पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर लागतो. त्यातील स्वस्त पीडब्ल्यूएम प्रकार पॅनेलचा दाब बॅटरीच्या दाबापर्यंत खाली ओढतो. १८ व्होल्टचे पॅनेल १३ व्होल्टवर चालू लागले की पाव हिस्सा वीज वाया जाते. एमपीपीटी प्रकार महाग असला तरी हा तोटा टाळतो. बहुतेक कंट्रोलरमध्ये आधी बॅटरी आणि नंतर पॅनेल जोडायचे असते आणि सोडवताना याच्या उलट क्रम पाळायचा असतो.

दुसरी वाट इंजिनाची. गाडीचा अल्टरनेटर आणि घराची बॅटरी पूर्वी साध्या रिलेने जोडत. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या अनेक गाड्यांत अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी आपला दाब सतत कमी-जास्त करतो. शिवाय रिकामी लिथियम बॅटरी थेट जोडल्यास ती इतका प्रवाह ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. डीसी-डीसी चार्जर हा यावरचा उपाय. ३० अ‍ॅम्पिअरचा असा चार्जर तासाला सुमारे ४०० वॅट-तास भरतो. पुण्याहून मुंबईच्या तीन तासांच्या प्रवासात नमुना घराचा पूर्ण दिवसाचा खर्च भरून निघतो. रोज थोडे अंतर कापणाऱ्या कुटुंबाला छतभर पॅनेलांपेक्षा हा एक चार्जर अधिक उपयोगी पडतो.

वायर आणि फ्यूज: खरी सुरक्षा येथे

गाडीतील वायरीची जाडी ठरवताना दोन कसोट्या लावाव्यात. वायर तापू नये, ही पहिली. टोकाशी दाब फार घटू नये, ही दुसरी. समजा, पाच अ‍ॅम्पिअर घेणारा फ्रिज बॅटरीपासून चार मीटरवर आहे. प्रवाहाला जाऊन परत यायचे असल्याने वायर आठ मीटर धरावी लागते. दुकानात 'दीड एमएम' म्हणून मिळणारी वायर वापरली, तर वाटेतच अर्धा व्होल्ट, म्हणजे चार टक्के दाब हरवतो. 'चार एमएम'ची वायर घेतली, तर घट दीड टक्क्यावर येते. बॅटरी निम्म्यावर असताना पहाटे फ्रिज आपोआप बंद पडण्यामागे अनेकदा फ्रिजचा दोष नसतो; बारीक वायरीचा असतो. महत्त्वाच्या जोडण्यांत घट तीन टक्क्यांच्या आत ठेवावी.

इन्व्हर्टरच्या वायरीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. १५०० वॅटची इंडक्शन शेगडी चालवताना बॅटरीतून १४० अ‍ॅम्पिअरच्या आसपास प्रवाह निघतो. यासाठी ५० चौरस मिलिमीटरची, अंगठ्याएवढी जाड केबल आणि तीही शक्य तितकी आखूड लागते. अशी शेगडी वीस मिनिटे चालली की दिवसाच्या शिदोरीतील जवळपास निम्मी वीज संपते, हेही लक्षात ठेवावे. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी तो १० ते २० वॅट स्वतःच खातो. चोवीस तासांत ही गळती ४८० वॅट-तासांपर्यंत जाते. मोबाइल, लॅपटॉप, दिवे आणि पंखा थेट १२ व्होल्टवर चालवावेत आणि इन्व्हर्टर गरजेपुरताच सुरू करावा.

फ्यूज उपकरणाच्या रक्षणासाठी असतो, हा आणखी एक सार्वत्रिक गैरसमज. फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो. वायर जेवढा प्रवाह न तापता वाहू शकते, त्यापेक्षा फ्यूज लहान हवा. वरच्या उदाहरणातील ५० चौरस मिलिमीटरच्या केबलला १७५ ते २०० अ‍ॅम्पिअरचा फ्यूज चालतो. तोच फ्यूज दिव्याच्या बारीक वायरीवर असेल, तर वायर आधी जळेल आणि फ्यूज शाबूत राहील. म्हणून प्रत्येक शाखेला तिच्या वायरीप्रमाणे स्वतंत्र फ्यूज असावा. मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत बसवावा. फ्यूजच्या अलीकडचा वायरीचा तुकडा कोणत्याही संरक्षणाशिवाय असतो. तो जितका लांब, तितका धोका मोठा.

लिथियम बॅटरीच्या टोकांशी शॉर्टसर्किट झाल्यास क्षणार्धात हजारो अ‍ॅम्पिअर वाहू शकतात. एवढा प्रवाह तोडण्याची क्षमता साध्या फ्यूजमध्ये नसते. त्यासाठी क्लास टीसारखा उच्च क्षमतेचा फ्यूज लागतो. घरातील एमसीबी बॅटरीच्या बाजूला बसवणेही धोक्याचे आहे. घरातील वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते आणि त्या क्षणी ठिणगी विझते. बॅटरीची वीज शून्यावर येतच नाही. त्यामुळे तिथली ठिणगी एमसीबीच्या आतच जळत राहू शकते. डीसीसाठी प्रमाणित केलेलेच स्विच आणि ब्रेकर वापरावेत.

जोडकामातही घराची सवय गाडीत उपयोगाची नाही. एकसंध तारेची वायर रस्त्यावरच्या हादऱ्यांनी तुटते. अनेक बारीक तारांची लवचिक वायरच घ्यावी. टोके पिळून टेप गुंडाळण्याऐवजी योग्य मापाच्या लग्ज दाबयंत्राने पक्क्या कराव्यात. वायर जेथे पत्र्याच्या भोकातून जाते, तेथे रबरी ग्रोमेट नसेल, तर पत्र्याची धार काही महिन्यांत वेष्टन कापते. आगीच्या अनेक घटनांचे मूळ अशा एखाद्या भोकात असते.

बाहेरची वीज आणि गॅस

मुक्कामाच्या ठिकाणी २३० व्होल्टची वीज गाडीत घेताना ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी आणि त्यासोबत दोन्ही तारा तोडणारा एमसीबी अनिवार्य मानावा. गाडीचा सांगाडा अर्थिंगला जोडलेला असावा. टायर रबरी असल्याने अर्थिंगमध्ये दोष राहिल्यास सांगाड्यात वीज उतरते आणि ओल्या जमिनीवर उभा राहून दार उघडणारा माणूसच तिचा मार्ग बनतो. ढाब्यावरील किंवा शेतघरातील सॉकेटला अर्थिंग आहे की नाही, हे आधी टेस्टरने पाहावे. गुंडाळलेली एक्स्टेन्शन केबल पूर्ण उलगडून वापरावी. वेटोळ्यात ती तापते. इन्व्हर्टरची आणि बाहेरची वीज एकाच वेळी एका सॉकेटवर येणार नाही, यासाठी चेंजओव्हर स्विच हवाच.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाल्यास तळाशी साचतो. म्हणून रिले, ब्रेकर आणि इन्व्हर्टर सिलिंडरच्या कप्प्यात किंवा त्याच्या जवळ जमिनीलगत ठेवू नयेत. गॅसचा सूचक खाली आणि धुराचा सूचक छताशी बसवावा. कार्बन मोनॉक्साइडचा सूचक झोपण्याच्या जागेजवळ असावा आणि अग्निशामक पलंगावरून हात पोहोचेल अशा ठिकाणी.

कायदा आणि नकाशा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलापेक्षा वेगळे ठरेल असे फेरफार वाहनात करण्यावर बंधने आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्यामुळे आसने काढण्यापूर्वीच प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करून परवानगीचा मार्ग ठरवावा आणि विमा कंपनीला बदलांची लेखी कल्पना द्यावी. दुर्घटना घडल्यावर विम्याचा दावा अडतो, तो बहुतेकदा अशा न कळवलेल्या बदलांवरच.

या सर्व कामाचा एक नकाशा कागदावर उतरवलेला असावा. प्रत्येक वायरीची जाडी, लांबी, फ्यूजचे अ‍ॅम्पिअर आणि मार्ग त्यात लिहावा. वायरींच्या दोन्ही टोकांना क्रमांक चिकटवावेत आणि नकाशाची एक प्रत गाडीतच ठेवावी. दूरच्या गावात रात्री दिवे गेले, तर तेथील इलेक्ट्रिशियनला प्लायवूड फोडावे लागणार नाही. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सर्व नटबोल्ट पुन्हा आवळावेत. भार चालू असताना एखादा जोड हाताला गरम लागत असेल, तर तो सैल आहे किंवा अपुरा आहे असे समजून लगेच दुरुस्त करावा. आरसीसीबीचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. पावसाळ्यापूर्वी छतावरून आत येणाऱ्या वायरीचे तोंड जलरोधक आहे का, हे तपासावे.

खर्चाला कात्री लावायची वेळ आलीच, तर ती पॅनेलांच्या संख्येवर, इन्व्हर्टरच्या आकारावर किंवा फ्रिजच्या लिटरवर लावावी. हे सारे पुढे वाढवता येते. वायरीची जाडी, फ्यूज आणि आरसीसीबी यांवर मात्र काटकसर करू नये. एखादे उपकरण कमी असले तर प्रवासात थोडी गैरसोय होते, एवढेच. बारीक वायरीचे परिणाम भोगावे लागतात ते कुटुंब गाढ झोपेत असताना.